रीडिंग जुळत नाहीये, सर!

सबमिशनच्या आठवड्यात मेकॅनिकलच्या कुठल्याही हॉस्टेलवर रात्री एक वाजता चक्कर मारा. एका कॉटवर चारजण, मध्ये सीनियरची जर्नल आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, ‘अरे, त्याचं तिसरं रीडिंग किती आलंय?’ फ्लुइड मेकॅनिक्सची जर्नल बहुतेक ठिकाणी अशीच पूर्ण होते. आधी उत्तर ठरवायचं, मग कॅल्क्युलेटरवर उलटं येत येत रीडिंग काढायची, दशांशाचे दोन आकडे इकडेतिकडे करायचे म्हणजे संशय येत नाही. ग्राफवर सगळे ठिपके रेषेवर बसतात. इतके छान बसतात, की खरंच मोजले असते तर तसे कधीच बसले नसते!

मीही हेच केलंय, त्यामुळे नाकं मुरडायचा मला अधिकार नाही. आमच्या बॅचला रेनॉल्ड्स अ‍ॅपरेटस आलं होतं. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पाण्याची एक टाकी, तिला जोडलेली काचेची आडवी नळी, वर पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याची बाटली आणि शेवटी एक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह जरासा उघडला की नळीच्या मधोमध जांभळी रेघ सरळ, शांतपणे जाते. हा लॅमिनार प्रवाह. आणखी उघडला की रेघ थरथरते. अजून उघडला की ती फिस्कटते आणि सगळी नळी जांभळट होते. हा टर्ब्युलंट प्रवाह. रेघ मोडते त्या क्षणी वेग, नळीचा व्यास आणि पाण्याचा चिकटपणा यांचं गणित मांडायचं, की येतो क्रिटिकल रेनॉल्ड्स नंबर. ओरलला एक्स्टर्नल विचारतात, ‘किती?’ आपण म्हणायचं, ‘सर, २०००.’ काही पुस्तकांत २३०० असतो. दोन्ही चालतात.

आमची रेघ १६०० लाच थरथरायला लागली. दुसऱ्या बॅचची ३००० गेलं तरी सरळ. ‘रीडिंग जुळत नाहीये, सर’ म्हटल्यावर उत्तर आलं, ‘चुकलं असेल, परत घ्या.’ परत घेतलं. परत जुळलं नाही. मग अर्थातच सीनियरची जर्नल.

फायनल इयरला कधीतरी वाचनात आलं, की ज्या माणसाच्या नावाचं ते उपकरण आहे, त्याच्या स्वतःच्या टाकीत रेघ मोडली होती ती २००० ला नाही. जवळपास १३,००० ला!

मँचेस्टरची टाकी

ऑसबर्न रेनॉल्ड्स हा मुळात आपल्याच जातकुळीतला. जन्म १८४२ चा, बेलफास्टचा. केंब्रिजला गणित शिकायला जाण्याआधी तो एका मेकॅनिकल इंजिनिअरच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून आला होता. म्हणजे आधी हात काळे केले, मग समीकरणं. १८६८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तो मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजमध्ये इंजिनीअरिंगचा प्रोफेसर झाला.

१८८३ साली त्याने प्रसिद्ध केलेला प्रयोग म्हणजे आपलं तेच जर्नलमधलं प्रॅक्टिकल. फक्त त्याची टाकी सहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल होती. आणि तो एक गोष्ट करायचा जी आपण कधीच करत नाही. थांबायचा. टाकी भरल्यावर पाणी आतल्या आत फिरत राहतं. वरून बघितलं तर निवांत दिसतं, पण आत भोवरे असतात. ते शांत होईपर्यंत तो तासन् तास हात लावायचा नाही. नळीच्या तोंडाला त्याने लाकडाचं, तुतारीसारखं पसरट तोंड बसवलं होतं, म्हणजे आत शिरताना पाण्याला धक्का बसू नये. एवढं सगळं सांभाळल्यावर रेघ १३,००० पर्यंत टिकली. आणि ती मोडल्यावर साध्या डोळ्यांना जो नुसता रंगाचा धुरळा दिसत होता, तो त्याने विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिला. क्षणभराच्या त्या उजेडात धुरळा गायब आणि त्या जागी स्पष्ट, वेगवेगळी वेटोळी. आजच्या भाषेत सांगायचं तर फोनच्या कॅमेऱ्याचा शटर स्पीड वाढवला!

मग २००० कुठून आला? तोही त्याचाच. प्रयोगांच्या दुसऱ्या मालिकेत त्याने शिशाच्या नळ्या घेतल्या. त्यात मुद्दाम खळबळलेलं पाणी सोडलं आणि नळीतून जाताना दाब किती पडतो ते मोजलं. प्रश्न उलटा होता. आधीच पिसाळलेलं पाणी पुन्हा शांत कधी होतं? उत्तर आलं साधारण २०००. त्याच्या खाली कितीही ढवळा, प्रवाह निवतो. त्याच्या वर मात्र तुम्ही किती ढवळलंय यावर सगळं अवलंबून. म्हणजे क्रिटिकल नंबर हा पाण्याच्या अंगचा एकच आकडा नाहीच. तुमची टाकी किती शांत आहे, तुम्ही किती वेळ थांबलात, नळीचं तोंड कसं कापलंय, या सगळ्याची त्यात नोंद असते. पुढच्या काळात फार काळजी घेऊन केलेल्या प्रयोगांत लॅमिनार प्रवाह १,००,००० पर्यंतही टिकवला गेला.

यातला माझा लाडका भाग पुढे आहे. रेनॉल्ड्सचा प्रयोग मँचेस्टरमध्ये अनेक दशकांनी पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हा रेघ १३,००० च्या बरीच आधी मोडायला लागली. कारण सापडलं रस्त्यावर. १८८३ च्या मँचेस्टरमध्ये मोटारी नव्हत्या. आता बाहेरच्या ट्रॅफिकची थरथर जमिनीतून टाकीपर्यंत पोचत होती. रीडिंग चुकलं नव्हतं. ते रस्त्याबद्दल सांगत होतं!

आमचं १६०० पण काहीतरी सांगतच होतं की. आम्ही टाकी भरल्या भरल्या व्हॉल्व्ह उघडला होता, बाकी काही नाही.

बायोडेटामधली एक ओळ

‘मेकॅनिकल इंजिनिअर, बॅकग्राउंड इन एक्सपेरिमेंटल फ्लुइड डायनॅमिक्स’. अशी ओळ असलेली माणसं तुम्हाला कुठेही भेटतील. पंपाच्या कारखान्यात, गाड्यांच्या डिझाइन सेंटरमध्ये, पवनचक्क्यांवर, हार्ट व्हॉल्व्ह बनवणाऱ्या टीममध्ये, हवामानशास्त्रात. कोर्सचं नाव सांगतं, की यांना वाहत्या हवेचं आणि पाण्याचं मोजमाप येतं. पण मला वाटतं, या माणसांनी खरं कमावलेलं असतं ते वेगळंच. आलेला आकडा आवडला नाही म्हणून तो खोडायचा नाही, ही सवय.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सतीश धवन. १९७९ मध्ये एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं तेव्हा त्यांनी कलामांना मागे ठेवून स्वतः पत्रकारांना तोंड दिलं, ही गोष्ट तुमच्या फॅमिली ग्रुपवर दर शिक्षकदिनाला येतेच, ती सोडून देऊ. त्याआधीचे धवन फारसे कुणाला माहीत नाहीत. लाहोरला पंजाब विद्यापीठात त्यांनी गणित-फिजिक्समध्ये बीए केलं, इंग्रजी साहित्यात एमए केलं आणि १९४५ मध्ये मेकॅनिकलचं बीई. (घरी ‘एकच काहीतरी नीट कर’ म्हणणाऱ्यांना हे वाक्य वाचून दाखवा.) तिथून अमेरिकेत मिनेसोटा आणि मग कॅलटेक.

कॅलटेकमध्ये हान्स लीपमन यांच्या हाताखाली त्यांनी घेतलेला प्रश्न ऐकायला अगदी बाळबोध आहे. हवा एखाद्या पृष्ठभागावरून घासत जाते, तेव्हा ती त्याला किती ओढते? तोवर हा घर्षणाचा जोर बहुतेक वेळा आडवळणाने काढला जायचा. वेग मोजा, मग गणिताने जोर काढा. गणितात काही गृहीतं धरलेली, ती बरोबर असतील तर उत्तर बरोबर. धवननी ठरवलं, जोरच थेट मोजायचा. सपाट पाट्याचा एक इवलासा तुकडा बाकीच्या पाट्यापासून सुटा करायचा, चहूबाजूंनी अगदी बारीक फट ठेवायची आणि हवेने त्याला किती ढकललं ते पकडायचं. सांगायला दोन वाक्यं लागली, पण विचार करा. तुकडा पाट्याच्या पातळीपेक्षा केसभर वर राहिला तर हवा त्याच्या कडेवर आपटणार. केसभर खाली गेला तर फटीत भोवरा. फटीतून हवा वाहिली तर वेगळाच जोर. बोगद्याची थरथर, तापमानाने धातूचं फुगणं, ही सगळी मंडळी मोजायच्या जोरात आपापला हात घालणार. म्हणून अशा कामात खरा प्रयोग कमी आणि ‘हा आकडा हवेचाच आहे ना, माझ्या यंत्राचा नाही ना’ याची खातरजमा जास्त असते. १९५१ मध्ये पीएचडी घेऊन ते बंगळुरूला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले आणि तिथे त्यांनी देशातला पहिला सुपरसॉनिक विंड टनेल उभा केला.

त्यांच्या लॅबमध्ये लवकरच एक मुलगा दाखल झाला. रोद्दम नरसिंह. बंगळुरूचाच, १९५३ चा मेकॅनिकल बीई. त्या काळी अशा मुलाने रेल्वेत किंवा एखाद्या तेल कंपनीत चिकटावं अशी घरच्यांची अपेक्षा असायची. पण इन्स्टिट्यूटच्या आवारात उभं केलेलं दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान त्याने पाहिलं होतं, आणि तो एरोनॉटिक्सला गेला.

धवन-नरसिंह जोडीचं काम समजायला थोडं मागे जाऊ. विमानाच्या पंखावरून हवा जाते तेव्हा पंखाला चिकटून तिचा एक पातळ थर असतो. पुढे तो शांत असतो, मागे जाता जाता खवळतो. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात काय होतं? रेनॉल्ड्सच्या रेघेसारखंच, पण इथे थर एकदम खवळत नाही. त्यात अधूनमधून खळबळीचे ठिपके उठतात, वाढत वाढत हवेबरोबर पुढे जातात आणि एकमेकांत मिसळतात. १९५१ मध्ये अमेरिकेत एमन्स यांना हे ठिपके पहिल्यांदा दिसले, तेही काचेवरून वाहणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात.

हे हवेत मोजायचं कसं? हॉट-वायरने. साधारण पाच मायक्रॉन जाडीची टंगस्टनची तार घ्यायची. आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा, म्हणजे ही तार त्याच्या पंधराव्या हिश्शाएवढी. लांबी जेमतेम मिलिमीटरभर. ती विजेने तापवायची. वारा तिला थंड करतो आणि ती तापलेली ठेवायला किती वीज लागते त्यावरून वेग कळतो, सेकंदाला हजारो वेळा. तार तुटते फार. शिंकलात तरी तुटते, असं या लॅबमधली मुलं म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मग काही वेळ शांत रेघ दिसते, मध्येच खडबडीत, पुन्हा शांत. एकूण वेळेपैकी किती वेळ खडबड होती, तो आकडा म्हणजे इंटरमिटन्सी. पट्ट्याच्या सुरुवातीला तो शून्य, शेवटी एक.

एमन्स यांच्या मांडणीत हे ठिपके पृष्ठभागावर कुठेही उठू शकतात असं धरलं होतं. अगदी सयुक्तिक वाटतं. पण त्यावरून काढलेला इंटरमिटन्सीचा आलेख आणि प्रत्यक्ष मोजलेले आकडे काही बसेनात. इथेच आपली हॉस्टेलवरची कॉट आठवते. आपण काय केलं असतं? नरसिंह यांनी आकडे तसेच ठेवले आणि गृहीतक बदललं. ठिपके सगळीकडे उठतच नसतील तर? एका अरुंद पट्टीतच जन्मत असतील आणि तिथून मागे पसरत असतील तर? हे धरल्यावर निघालेलं साधं सूत्र मोजलेल्या आकड्यांवर चपखल बसलं. १९५७ मध्ये हा छोटासा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा लेखक चोवीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी धवन आणि नरसिंह या दोघांचा सविस्तर शोधनिबंध ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’मध्ये आला, आणि तो आजही या विषयात आवर्जून काढून वाचला जातो. विमानाचा पंख असो की जेट इंजिनातली टर्बाइनची पाती, थर कुठे खवळतो यावर घर्षण आणि उष्णता दोन्ही ठरतात, त्यामुळे ते सूत्र अजून राबतंय.

याच माणसाने पुढे टाकीत ढग बनवला! अगदी खरा नाही, पण वागणं ढगाचं. चुलीतून निघालेला धूर वर जाताना आजूबाजूची हवा आत ओढतो आणि रुंद होत जातो. पावसाळी ढग मात्र त्या हिशेबाने रुंदावत नाहीत. नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटत होतं, की वाफेचं पाणी होताना आतल्या आत सुटणारी उष्णता हे घडवते. पण टाकीतल्या प्रवाहाला मध्येच, आतून उष्णता द्यायची कशी? हीटर लावला तर सगळंच पाणी तापणार. युक्ती अशी, की वर जाणाऱ्या धारेत थोडं आम्ल घालायचं, म्हणजे तिच्यातून वीज वाहते. भोवतालचं पाणी क्षार काढलेलं, त्यातून वाहत नाही. तारांच्या जाळ्यांमधून वीज सोडली की फक्त धार तापते, बाकी पाणी थंड. आणि तापलेल्या भागात धारेचं रुंदावणं खरोखरच थांबलं. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत टाकीतल्या आकृत्या आभाळातल्या ढगांशेजारी ठेवता येतील अशा आहेत. ढग आजूबाजूची कोरडी हवा किती आत घेतो हे मान्सूनच्या मॉडेलमध्ये फार महत्त्वाचं असतं. म्हणजे मेकॅनिकलचा पोरगा पंखापासून निघाला आणि पावसापर्यंत पोचला. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते गेले, तोवर काम चालूच होतं.

यंत्र खोटं बोलतं तेव्हा

आकड्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे यंत्रावर आंधळा विश्वास ठेवायचा असं मात्र नाही. पिटो ट्यूब तुम्ही लॅबमध्ये पाहिली असेल, प्रवाहाकडे तोंड केलेली साधी नळी. हाँरी पिटो या फ्रेंच इंजिनिअरने १७३२ मध्ये ती सेन नदीचा वेग मोजायला वापरली. विमानं आजही तिच्यावरच आपला हवेतला वेग मोजतात. १ जून २००९ च्या पहाटे रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ च्या पिटो नळ्यांत अटलांटिकवर बर्फाचे कण साचले. वेगाचे आकडे गडबडले आणि ऑटोपायलट सुटला. नळ्या मोकळ्या व्हायला एक मिनिटही लागलं नाही. पण तेवढ्या वेळात कॉकपिटमध्ये जो गोंधळ सुरू झाला तो शेवटपर्यंत निस्तरला नाही. अपघाताची इतरही कारणं होती, पण सुरुवात या खोट्या आकड्यांनी झाली. विमानातले २२८ जण गेले. लॅबमध्ये ‘पिटोच्या तोंडात बुडबुडा आहे का बघ’ असं कुणी म्हणालं, तर तो उगाच टोकत नाहीये.

उलट बाजूही आहे. कधी यंत्र अगदी साधं असतं आणि आकडा सगळ्यांना अनपेक्षित. कोविडच्या पहिल्या लाटेत कापडी मास्कबद्दल जो तो आपलं मत देत होता. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या मेकॅनिकल आणि ओशन इंजिनीअरिंग विभागातल्या संशोधकांनी पुतळ्याचं डोकं घेतलं, हातपंपाने त्याला खोकायला लावलं. पाणी आणि ग्लिसरीनचं धुकं तोंडातून सोडलं आणि हिरव्या लेसरचा पातळ पडदा टाकून ते चित्रित केलं. मास्क नसताना धुकं सुमारे आठ फूट गेलं. बंडाना बांधल्यावर साडेतीन फुटांहून थोडं जास्त. घडी घातलेल्या रुमालाने सव्वा फूट. दोन पदरी शिवलेल्या सुती मास्कने फक्त अडीच इंच! गंमत म्हणजे बंडानाच्या कापडाची वीण या सगळ्या कापडांत घट्ट होती, तरी तोच सगळ्यात कमी पडला. घट्ट वीण म्हणजे चांगला मास्क, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल तर खडकवासल्याला जा. चौपाटीवर कणीस खायला आपण सगळेच जातो. तिथेच सेंट्रल वॉटर अँड पॉवर रिसर्च स्टेशन आहे, ज्याची सुरुवात १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या काळात झाली. धरणांचे सांडवे, नद्यांची वळणं, बंदरं यांची छोटी मॉडेलं करून त्यात खरं पाणी सोडून बघायचं, हा तिथला धंदा. यातलं गणित मला फार आवडतं. मॉडेल शंभरपट लहान केलं तर वेळ शंभरपट नाही, दहापट आक्रसते, कारण लाटांच्या हिशेबात लांबीचं वर्गमूळ येतं. म्हणजे समुद्रात साडेबारा तासांनी फिरून येणारी भरती मॉडेलमध्ये सव्वा तासात येते. सकाळी आलात तर जेवायच्या सुट्टीपर्यंत दोन-तीन भरत्या बघून होतील. पण पाण्याचा चिकटपणा आणि थेंब धरून ठेवणारा पृष्ठताण काही शंभरपट कमी होत नाही, त्यामुळे सांडव्यावर उसळणारा फेस मॉडेलमध्ये खऱ्यासारखा येत नाही. कुठल्या आकड्यावर किती विसंबायचं, हे तिथल्या इंजिनिअरला रोज ठरवावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सीएफडी लॅपटॉपवर करतं की! करतं, आणि झकास करतं. प्रोजेक्ट प्रेझेंटेशनमध्ये लाल-पिवळं-निळं चित्र आलं की गाइडही खूश. ओलं व्हावं लागत नाही, वॉशर गळत नाही, तार तुटत नाही. पण सॉफ्टवेअर ‘मला माहीत नाही’ असं कधीच म्हणत नाही. चुकीच्या मेशवरही ते तितकंच सुंदर चित्र देतं. टर्ब्युलन्सची जी मॉडेलं ड्रॉपडाउनमध्ये दिसतात, त्यांच्यातले स्थिरांक कुणीतरी बोगद्यात नाहीतर टाकीत मोजूनच बसवलेत. मुलाखतीत ‘व्हॅलिडेशन कसं केलंस?’ असं विचारल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळते ती इथेच.

विंड टनेल नाही, ही सबब मला पटत नाही. बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंटच्या टीममध्ये असाल तर गाडीच्या बॉडीवर लोकरीचे चार-चार सेंटिमीटरचे तुकडे सेलोटेपने चिकटवा. शेजारच्या गाडीतून फोनच्या स्लो-मोशनवर शूट करा. जिथे लोकर उलटी फडफडते तिथे हवा पृष्ठभाग सोडून गेलीय. मोठमोठ्या कंपन्याही हेच करतात. आणि लॅबमध्ये थर्मामीटर असतो, तो एकदा वापरून बघा. २५ मिलिमीटरच्या नळीतून लिटरभर पाणी १५ सेकंदांत येत असेल तर २० अंशाला रेनॉल्ड्स नंबर साधारण ३४०० येतो, ३० अंशाला ४२५०. तोच व्हॉल्व्ह, तीच धार, फक्त पाणी कोमट. जानेवारीच्या बॅचचं आणि एप्रिलच्या बॅचचं रीडिंग का जुळत नाही, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. सीनियरच्या जर्नलमध्ये तापमानाचा कॉलम बहुधा रिकामाच असतो.

ते १३,००० वाचल्यावर मी आणि माझा पार्टनर फायनल इयरला पुन्हा त्या जुन्या लॅबमध्ये गेलो. प्रॅक्टिकल कधीच संपलं होतं, मार्कही मिळाले होते. लॅबच्या मामांना म्हटलं, टाकी संध्याकाळी भरून ठेवता का, सकाळी लवकर येतो. मामा म्हणाले, ‘इतक्या वर्षांत पास झाल्यावर परत आलेली पोरं पहिल्यांदाच बघतोय.’ पण भरून ठेवली. वर पंखाही बंद ठेवला.

सकाळी साडेआठला पोचलो. कॉलेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. व्हॉल्व्ह इतका हळू फिरवला की मनगट दुखायला लागलं. २००० गेलं, रेघ सरळ. ३००० गेलं, सरळ. आम्ही कुजबुजत बोलत होतो, जणू मोठ्याने बोललो तर ती मोडली असती. ४५०० ला पोचलो तरी ती जांभळी रेघ सुईतून ओवल्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत. पार्टनर हळूच म्हणाला, ‘अजून थोडं.’ तेवढ्यात भिंतीपलीकडे टर्बाइन लॅबमधला पंप कुणीतरी सुरू केला. जमीन अगदी बारीकशी थरथरली आणि रेघ फुटली.

आम्ही दोघांनी एकदमच घड्याळाकडे पाहिलं. त्याने खिशातून बॉलपेन काढलं आणि हातावरच लिहिलं : ४५००, ९ वाजून १२ मिनिटं, पलीकडे पंप चालू.